गजर कोणासाठी लावताय, ते आधी पाहा

गजराचं घड्याळ घेताना दुकानात आपण एकच विचारतो, ‘आवाज मोठा आहे ना?’ माझी विनंती आहे, हा प्रश्न जरा मागे ठेवा. आवाज कमी पडला म्हणून उठता आलं नाही, असं फार थोड्यांचं होतं. बहुतेकांना गजर चांगला ऐकू येतो. हात लांब करून ते तो बंद करतात आणि पुन्हा झोपतात. काहींना मात्र तो खरोखरच ऐकू येत नाही. आणखी काहीजण पहिल्याच ठोक्याला दचकून उठतात आणि बराच वेळ त्यांच्या छातीत धडधडत राहतं. या तिघांना एकच घड्याळ कसं चालेल? खरेदीआधी आठवडाभर नुसतं बघा, गजर झाल्यावर तुम्ही नेमकं काय करता. तुम्हाला आठवत नसेल तर घरच्यांना विचारा.

बंद करून पुन्हा झोपणाऱ्यांबद्दल आधी. यात आळसाचा भाग वाटतो तेवढा नसतो. डोळे उघडले तरी मेंदू पुरता जागा व्हायला साधारण पंधरा मिनिटं ते अर्धा तास लागतो; झोप अपुरी झाली असेल किंवा गाढ झोपेतून उठवलं असेल तर त्याहून जास्त. या अर्धवट अवस्थेत घेतलेला निर्णय तुमचा नसतोच. म्हणून घड्याळ हाताशी ठेवू नका. सेलवर चालणारं साधं टेबल घड्याळ खोलीच्या दुसऱ्या टोकाला, कपाटावर ठेवा, म्हणजे पाय जमिनीवर टेकवावेच लागतील. फोनचाच गजर हवा असेल तर तोही तिथेच ठेवा. स्नूझचं बटण एकदा-दोनदा दाबून तुम्ही रोज ठरल्या वेळी उठत असाल, तर ते खुशाल वापरा. तासभर दाबत बसत असाल, तर ते बटण नसलेलं घड्याळ घ्या.

दचकणाऱ्यांनी घंटेच्या घड्याळाच्या वाटेला जाऊ नये. त्यांच्यासाठी हळूहळू चढत जाणारा आवाज चांगला. बहुतेक फोनमध्ये आणि बऱ्याच डिजिटल घड्याळांत ती सोय असते.

ज्यांना ऐकू येत नाही, त्यांच्यात घरातली वयस्कर मंडळी जास्त असतात, आणि त्यांच्यावर आपण उगाच चिडतो. वयाबरोबर कानांना आधी चिरके, उंच स्वर ऐकू येईनासे होतात. साध्या बीपचा स्वर बहुतेक वेळा नेमका तसाच असतो, तीन हजार हर्ट्झच्या आसपास. आजोबांच्या उशाशी तो कितीही वाजला तरी शेजारच्या खोलीतली सून उठते आणि आजोबा झोपलेलेच. आगीच्या धुराचा इशारा देणाऱ्या भोंग्यांवर यासाठी बरेच प्रयोग झाले आहेत. ५२० हर्ट्झचा जाड, खालचा स्वर वयस्करांना आणि लहान मुलांनाही जास्त खात्रीने उठवतो, असं त्यांत दिसलं. तेव्हा त्यांच्यासाठी आवाज वाढवण्यापेक्षा स्वर बदला. फोनवर जाडसर, भरदार सूर निवडा आणि ते जागे असताना एकदा ऐकवून बघा.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे सगळं लिहायला घेतलं, ती. आपल्याकडे फार थोडी माणसं एकटी झोपतात. दहा बाय दहाच्या खोलीत चार-पाच जण असतात आणि पहाटे चारला उठायचं असतं ते एकालाच. कोणाची पहिली पाळी असते, कोणाला मार्केट यार्डात माल उचलायचा असतो, कोणाला पहिली लोकल पकडायची असते. त्या एकासाठी रात्री बाराला पाठ टेकलेल्या बाकीच्यांची झोप रोज मोडते, आणि ती मोडली हे कोणी बोलूनही दाखवत नाही. या घरांना माझं कळकळीचं सांगणं आहे: आवाजाचा गजर सोडा, थरथरणारा घ्या. मनगटावरच्या साध्या फिटनेस बँडमध्येही ही सोय असते. तो जरा घट्ट बांधा आणि झोपण्याआधी चार्ज आहे का ते पाहा. कर्णबधिरांसाठी उशीखाली किंवा गादीखाली ठेवायची थरथरणारी चकतीही मिळते, आणि ज्यांची झोप फार गाढ आहे त्यांना तीच उपयोगी पडते. फोन मात्र उशीखाली ठेवू नका, तिथे तो तापतो. आणि ‘हा बँड तुम्हाला हलक्या झोपेतच उठवेल’ या जाहिरातीसाठी जादा पैसे मोजू नका. मनगटाच्या हालचालीवरून आणि नाडीवरून तो अंदाज बांधतो, आणि तो अंदाज चुकतोही.

उजेडाने जाग येणारी माणसंही असतात. उन्हाळ्यात जी आपोआप उठतात आणि थंडीत ज्यांना अंथरूण सोडवत नाही, ती बहुधा यातली. आपली घड्याळं मिर्झापूरजवळच्या रेखांशाप्रमाणे चालतात आणि मुंबई त्याच्या बरीच पश्चिमेला आहे. त्यामुळे जानेवारीच्या मध्यात मुंबईत सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो, नागपुरात सातच्या आधी. कोकणात, मुंबईत, पुण्यात थंडीत सहाला उठायचं म्हणजे मिट्ट अंधारात उठायचं. अशांना अर्धा तास आधीपासून हळूहळू उजळत जाणारा दिवा खरा उपयोगी पडतो. त्याची खास घड्याळं महाग असतात. त्यापेक्षा वेळ लावून देता येईल असा स्मार्ट बल्ब घ्या. पण खोलीत इतर कोणी झोपत असेल तर तोही नको.

काट्याच्या घड्याळाचा गजर पाच-दहा मिनिटं पुढे-मागे होतो. गाडी पकडायची असेल तेव्हा हे लक्षात ठेवा. शिवाय त्याला सकाळ-संध्याकाळ कळत नाही. रात्री आठला उद्याचे नऊ लावलेत तर ते तासाभरात वाजेल. विजेवरचं डिजिटल घड्याळ घेताना आत सेलची सोय आहे ना ते बघा, नाहीतर भारनियमनात वेळच पुसली जाते. काट्याचं घेत असाल तर ते कानाला लावून टिकटिक किती मोठी आहे ते ऐका.

मुलांसाठी घड्याळ निवडण्याआधी झोपेचे तास मोजा. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास झोप लागते आणि तेरा ते अठराच्या मुलांना आठ ते दहा. वयात येताना मुलांचं शरीरच रात्री उशिरा झोपेला येतं, त्याला हट्ट म्हणू नका. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवायला सांगितले, ते झोपेचाच विचार करून. मोठ्या मुलांच्या सातच्या शाळा आहेतच. अशी मुलं असलेल्या घरांत रात्रीचा टीव्ही लवकर बंद करणं कोणत्याही गजरापेक्षा जास्त कामाचं. आणि सात-आठ तास झोपूनही मोठं माणूस कोणत्याच गजराने उठत नसेल, जोरात घोरत असेल, दिवसा बसल्या बसल्या पेंगत असेल, तर घड्याळाच्या दुकानात न जाता डॉक्टरकडे जा.

नवं घड्याळ आणलंत की ते पहिल्यांदा सुट्टीच्या दिवशी लावून बघा. गावी जायच्या पहाटे किंवा परीक्षेच्या दिवशी जुना गजरही सोबत लावा, निदान महिनाभर तरी.