डीएनएस बदलला की घरचं इंटरनेट खरंच वेगवान होतं का?

२० ऑक्टोबर २०२५ ला ॲमेझॉनच्या क्लाउड सेवेत डीएनएसचा बिघाड झाला आणि स्नॅपचॅटसह अनेक ॲप्स जगभर ठप्प झाली. डीएनएस तुमच्या घरच्या वायफायलाही लागतो. सांगलीजवळच्या माधवनगरात कनेक्शन घेतलं, तरी तो सहसा इंटरनेट कंपनीच ठरवते. पण तुम्ही तो बदलू शकता.

डीएनएस काय करतो?
तुम्ही वेबसाइटचं नाव टाकता, डीएनएस तिचा आकडी पत्ता शोधून देतो. पत्ता उशिरा मिळाला, की पेजही उशिरा उघडतं.

मग स्पीड वाढतो?
पेज लवकर उघडायला लागू शकतं. पण ५० एमबीपीएसचा प्लॅन ५० चाच राहतो. उलट काही वेळा व्हिडिओ दूरच्या सर्व्हरवरून येऊ लागतो.

कोणता निवडायचा?
गूगलचा ८.८.८.८, क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ किंवा धोकादायक साइट्स अडवणारा क्वाड९चा ९.९.९.९. कम्प्युटरवरून तिन्हींना 'पिंग' करा. मिलिसेकंद जितके कमी, तितका तो तुमच्या घराला जवळचा.

कसा बदलायचा?
अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' शोधा. तिथे आकडे चालत नाहीत, 'डीएनएस डॉट गूगल' असं नाव इंग्रजीत टाकावं लागतं. सगळ्या घरासाठी राउटरमध्ये बदल करा, आधीची सेटिंग लिहून ठेवा. दुसरा पत्ता वेगळ्या कंपनीचा द्या. जुलै २०२५ मध्ये १.१.१.१ तासभर बंद पडला, तेव्हा त्याच कंपनीचा १.०.०.१ ही बंद होता.

एक लक्षात ठेवा : तुम्ही कोणत्या साइट्स उघडता, हे डीएनएस चालवणाऱ्याला दिसतं. त्यामुळे निवड फक्त वेगाची नाही, विश्वासाचीही आहे.