शेठ बोलतो कसा?

ईद जवळ आली की कापडाच्या दुकानांत पाय ठेवायला जागा नसते. आमच्या शाळेतून दहावी-बारावी झालेली बरीच मुले अशा दुकानांत सेल्समन म्हणून लागतात. भेटली की पगाराबद्दल कमी आणि शेठबद्दल जास्त बोलतात. एकाच बाजारात, जवळपास सारख्याच पगारावर, एका दुकानात मुलगा पाच-पाच वर्षे टिकतो आणि शेजारच्या दुकानात दर ईदला नवे चेहरे दिसतात. असे का होते, हे आम्ही त्यांच्याच तोंडून ऐकले आहे.

गिऱ्हाईक वीस ड्रेस पाहून काही न घेता उठते. धंद्यात हे चालायचेच. पण शेठ सगळ्यांसमोर ओरडला, ‘‘एवढा माल उचकटलास, विकलंस काय?’’ तर मुलगा एकच धडा घेतो : माणूस पारखून माल काढायचा. मग विटका बुरखा घातलेली बाई आली की तो वरच्या फळीला हातच लावत नाही. ‘‘इसमें नहीं है, खाला,’’ म्हणून मोकळा होतो. ती बाई दुसऱ्या दुकानात जाते आणि कदाचित मुलीच्या लग्नाचा सारा बस्ता तिथेच बांधते. शेठला याचा पत्ताही नसतो. कापड फाडताना माप चुकले आणि त्याचे पैसे पगारातून कापले जाणार असतील, तर तो तुकडा गुपचूप गठ्ठ्याखाली जातो. ओरडणाऱ्या शेठला स्वतःच्या दुकानाची खबर सर्वांत शेवटी लागते.

हजरत अनस (रजि.) लहान वयापासून दहा वर्षे प्रेषितांच्या (सल्ल.) खिदमतीत होते. एवढ्या वर्षांत आपल्याला कधी ‘उफ्फ’सुद्धा ऐकावे लागले नाही, हे का केलेस, ते का केले नाहीस, असा जाबही विचारला गेला नाही, असे ते सांगत. ही हदीस आपण बयानात पुष्कळदा ऐकतो. गल्ल्यावर बसल्यावर ती किती जणांना आठवते? चूक दाखवूच नये असे आम्ही म्हणत नाही. गिऱ्हाईक गेल्यावर, बाजूला घेऊन दाखवता येते.

दुसरी गोष्ट बसण्याची. केरळात कोळिकोडच्या दुकानांत काम करणाऱ्या बायकांना दिवसभर उभे राहावे लागे. विजी यांच्या ‘पेणकूट्टु’ संघटनेने बसण्याचा हक्क मागितला. २०१८ मध्ये केरळने कायदा बदलून तो दिला, २०२१ मध्ये तामिळनाडूनेही. एका स्टुलासाठी विधानसभेपर्यंत जावे लागले! आपल्या बाजारातल्या शेठला स्टूल ठेवायला कोणी अडवले आहे?

रमजानमध्ये तर सारेच उघड होते. कुठे मगरिबच्या अजानला शेठ घरी जातो आणि रोजेदार मुले गिऱ्हाईक सांभाळत काउंटरमागे खजूर तोंडात टाकतात. कुठे शटर अर्धे खाली येते आणि दहा मिनिटे शेठ, सेल्समन, हमाल एकाच दस्तरखानावर बसतात, दुकानातला हिंदू मुलगाही. चाँदरातीला रात्री दोन वाजता हसून माल दाखवणारी मुले बहुधा याच दुकानातली असतात.

मुलाला कामाला लावताना वडील पगार विचारतात. समोरच्या चहावाल्याला आणखी एक विचारावे : या दुकानातली मुले किती वर्षांपासून आहेत?