आडवे झाल्यावरचा श्वास

पॉम्पे आजाराचा रुग्ण जिना चढताना कठड्याला धरतो, जमिनीवरून उठताना गुडघ्यांवर हात रोवतो. मग घरच्यांचे आणि डॉक्टरांचेही लक्ष पायांवर खिळते. श्वासपटलही त्याच काळात दुबळे होत असते. प्रौढ वयात सुरू होणाऱ्या पॉम्पेत मृत्यू ओढवतो तो बहुधा श्वसन निकामी झाल्याने. त्यामुळे श्वासाच्या स्नायूंची ताकद आधी मोजली पाहिजे आणि पुन्हापुन्हा मोजली पाहिजे.

योहानेस पॉम्पे या डच डॉक्टरांनी १९३२ साली सात महिन्यांच्या बाळात हा आजार नोंदवला. त्या बाळाचे हृदय बेसुमार वाढले होते. कारण उलगडले १९६३ मध्ये, बेल्जियमच्या हेर्स यांच्या संशोधनातून. पेशींमधील लायसोसोममध्ये ग्लायकोजेन फोडणारे एक एन्झाइम या रुग्णांत नसते किंवा अपुरे असते. ग्लायकोजेन साठत जाते आणि स्नायूंची नासधूस होते.

माणूस बसलेला असतो तेव्हा पोटातले अवयव खाली राहतात आणि दुबळ्या श्वासपटलाचेही निभावते. आडवे होताच तेच अवयव छातीकडे सरकतात. त्यांना खाली रेटायला ताकद पुरत नाही. रुग्ण एकाच्या दोन, दोनाच्या तीन उशा घेऊ लागतो. स्वप्नांच्या झोपेत श्वासाला मदत करणारे इतर स्नायू सैल पडतात, सारा भार एकट्या श्वासपटलावर येतो आणि रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो. सकाळी डोके दुखते, दिवसा पेंग येते. घरात हे पित्तावर किंवा कामाच्या दगदगीवर ढकलले जाते, आणि त्यात मोलाची वर्षे निघून जातात.

म्हणून केवळ खुर्चीत बसवून केलेल्या पीएफटीवर, म्हणजे फुफ्फुसांच्या क्षमतेच्या चाचणीवर, विसंबू नये. तीच चाचणी पाठीवर झोपवून करावी. फुफ्फुसांची क्षमता तेव्हा पंचवीस टक्क्यांहून अधिक घटली, तर श्वासपटल दुबळे असल्याची ती ठळक खूण आहे. जोडीला बंद नळीतून जोराने श्वास ओढायला आणि सोडायला लावून तोंडातला दाब मोजावा. सोडण्याचा दाब कमी असेल तर खोकला लागू पडत नाही, कफ साठतो आणि साधी सर्दी न्यूमोनियापर्यंत जाते.

एक धोका इथे स्पष्ट सांगायला हवा. अशा रुग्णाला धाप लागली म्हणून नुसता ऑक्सिजन लावल्यास ऑक्सिजनचा आकडा सुधारलेला दिसतो, पण कार्बन डायऑक्साइड आणखी वाढू शकतो. त्याला हवा आत ढकलणारा, बायपॅपसारखा आधार लागतो.

बाहेरून एन्झाइम देणारे औषध २००६ पासून उपलब्ध आहे. ते दर दोन आठवड्यांनी शिरेतून द्यावे लागते. नव्वद रुग्णांवरील ७८ आठवड्यांच्या अभ्यासात, २०१० मध्ये, चालण्याचे अंतर वाढलेले आणि फुफ्फुसांची क्षमता टिकलेली दिसली. मात्र औषध आयुष्यभराचे आणि मात्रा वजनानुसार, त्यामुळे खर्चही मोठा. आपल्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणात रुग्णाला ५० लाख रुपयांपर्यंत मदत मिळू शकते. मुंबईचे केईएम रुग्णालय त्यासाठीच्या केंद्रांपैकी एक आहे. वजनदार प्रौढाला ही रक्कम किती पुरणार? ही मर्यादा वाढायलाच हवी. झोपवून करायच्या चाचणीला मात्र त्या निर्णयाची वाट पाहावी लागत नाही. त्या चाचणीचे यंत्र, स्पायरोमीटर, जिल्ह्याच्या ठिकाणीही असते. शेजारी एक खाट ठेवायची आणि दुसरा आकडा पहिल्याच्या बाजूला लिहायचा, एवढेच.