शेवटचे चार आणि माझे ८० चिंचोके

मी कॉन्व्हेंटवाला, शुद्धलेखन सांभाळून घ्या. पण बोलणारच!

परवा नांदेडला आमच्या होस्टेलवर पोकरची टूर्नामेंट झाली. पैसे नाहीत, चिंचोके! (पैशांवर ऑनलाइन पोकर खेळवायला तर २०२५च्या केंद्रीय कायद्याने बंदीच आहे.) बक्षिसाची भजी तिघांना, उरलो चौघं. सगळ्यात कमी माझ्याकडे, ८० चिंचोके. पत्ते न बघता भरायचे ब्लाइंड ५ आणि १०. हातात एक्का-अठ्ठी आली... टाकून दिली. आम्ही लातूर पॅटर्नचे ना! जेईईत शंका आली की प्रश्न सोडायचा. चुकला तर १ मार्क जातो, सोडला तर शून्य.

इथे मात्र सोडल्याचेही मार्क कापतात. चार डावांची एक फेरी झाली की १५ चिंचोके आपोआप गेले. दोन फेऱ्यांत ५० उरले आणि ब्लाइंड झाले १० आणि २०. आता ऑल-इन केलं तरी कोण घाबरतंय? ८० असताना केलं असतं तर एखाद-दोघांनी नक्की पत्ते टाकले असते. कमी चिंचोकेवाल्याचा खरा हुकूम तोच.

माझ्याहून कमीवाला कोणी बसलेला असता, तर थांबणं बरोबर होतं. तो आधी गेला असता. पण तसा कोणी नव्हताच!

रूममेट म्हणतो, नशीब. नशीब कसलं, वजाबाकी चुकली. भजीचा वास मात्र रूमपर्यंत येत होता.