बाईचाही डबा भरा

सकाळच्या पाळीला सातपूर-अंबडच्या कारखान्यांत निघालेल्या माणसाच्या गाडीला डबा अडकवलेला असतो. मुलांच्या दप्तरातही डबा असतो. पण हे डबे भरून जी बाई धुणीभांड्याला किंवा द्राक्षबागेत कामाला जाते, तिच्या पिशवीत डबा असतो का? बऱ्याच घरांत ती नुसता चहा घेऊन निघते आणि दुपारी उरलंसुरलं खाते.

जपानमध्ये ‘जूबाको’ नावाचे एकावर एक रचायचे डबे असतात. नव्या वर्षासाठी टिकाऊ पदार्थ आधीच करून त्यात भरून ठेवतात. सणाचे पहिले दिवस घरच्या बाईलाही चुलीपासून विसावा मिळावा, असं त्यामागचं एक कारण सांगतात. आपला कप्प्यांचा स्टीलचा डबा त्याच पद्धतीचा. त्यात तिचा विचार मात्र राहून जातो.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे. दवाखान्यातून मिळालेल्या लोहाच्या गोळ्या घ्यायलाच हव्यात, पण रोजचं जेवणही सुधारलं पाहिजे.

तीन कप्प्यांचा हिशेब सोपा आहे. एकात बाजरीची किंवा नागलीची भाकरी. पेठ-सुरगाण्याची नागली आपल्या जिल्ह्यातच पिकते. दुसऱ्यात मोडाची मटकी, हरभरे किंवा उकडलेलं अंडं. तिसऱ्यात पालेभाजी आणि लिंबाची फोड किंवा पेरू. लिंबू-पेरूतल्या क जीवनसत्त्वामुळे कडधान्यातलं लोह अंगी लागतं. जेवणाबरोबरचा चहा मात्र ते अडवतो, म्हणून चहा तासाभराने घ्यावा.

उन्हाळ्यात डब्यात भात टाळावा. भात तासन्‌तास कोमट राहिला की त्यात जंतू वाढतात. त्यांचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही.

आता हा आणखी एक डबा तिनेच पहाटे उठून भरायचा का? मुळीच नाही. मटकी रात्री भिजत घालणं, भाजी निवडणं, पीठ मळणं ही कामं नवऱ्याला आणि मोठ्या मुलांना जमतात. घरात डबे भरायला बसलात की पहिला डबा तिचा भरा. ती शेवटी जेवते, म्हणूनच तिला कमी पडतं.