वर्षावासात घरी करायचं काम

आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतच्या वर्षावासात आपल्याकडच्या अनेक विहारांत संध्याकाळी बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथाचं वाचन चालतं. पांढऱ्या साड्या नेसलेल्या बायाबापड्या वेळेवर येऊन पुढे बसतात, पुरुषमंडळी कामावरून सुटली की मागे येऊन टेकतात. त्रिशरण-पंचशील होतं आणि ग्रंथ उघडला जातो. हे असंच चालू राहावं. माझी विनंती एवढीच आहे की, यंदा या तीन महिन्यांत दुःखाविषयी जे कानावर पडेल, त्यातलं थोडं घरी नेऊन करून पाहा.

बुद्धांचं पहिलं प्रवचन आषाढ पौर्णिमेलाच झालं, वाराणसीजवळच्या इसिपतनात. आज आपण त्या जागेला सारनाथ म्हणतो. समोर पाचच जण होते: कौंडिण्य, वप्प, भद्दिय, महानाम आणि अश्वजित. त्या दिवशी सांगितलेली चार आर्यसत्यं आपल्या मुलांनाही पाठ असतात. पण प्रत्येक सत्याबरोबर एक काम नेमून दिलेलं आहे, ते आपण सहसा शिकवत नाही. दुःख नीट ओळखायचं. त्याचं कारण असलेली तृष्णा सोडायची. दुःख थांबतं, हे स्वतः अनुभवायचं. आणि मार्ग रोजच्या रोज वाढवत न्यायचा. बुद्धांनी आपल्या ज्ञानाची खूण सांगितली तीही अशीच: सत्य कळलं, त्याबाबत काय करायचं ते कळलं आणि ते करून झालं. या तिन्ही गोष्टी चारही सत्यांबाबत पुऱ्या झाल्या, तेव्हाच ज्ञान झालं असं आपण म्हटलं, असं त्यांनी त्या पाच जणांना सांगितलं. आपण मात्र बहुधा पहिल्या पायरीवरच थांबतो.

बाबासाहेबांची चिंता याला लागूनच होती. ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी चार आर्यसत्यांवरच प्रश्न उभा केला आहे. जन्म दुःख, मरण दुःख, सगळंच दुःख, एवढंच सांगितलं तर माणसाला आशा कुठली, हे मूळ बुद्धवचन की मागाहून घातलेली भर, असं ते विचारतात. ही प्रस्तावना पुष्कळ जण ओलांडून पुढे जातात. तसं करू नका. याच ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचं कारण म्हणून म्हातारा, आजारी आणि प्रेत दिसण्याची कथा त्यांनी घेतलेली नाही. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात पेटलेला वाद त्यांनी तिथे ठेवला. म्हणजे दुःख नुसतं म्हातारपणात आणि मरणात नसतं, ते पाण्याच्या वाटपातही असतं, हे त्यांनी पहिल्याच भागात सांगून टाकलं. महाडच्या तळ्यावर १९२७ मध्ये उभ्या राहिलेल्या माणसाला ते कुणी वेगळं शिकवायची गरज नव्हती.

म्हणून पहिली गोष्ट. कुणाच्याही दुःखाला ‘भोग’ म्हणणं सोडा. घरात आजारपण आलं, पोर गेलं, शेत बुडालं की ‘मागच्या जन्मीचं फेडतोय’ हे वाक्य आपल्या तोंडात अजूनही येतं, पिढ्यानपिढ्या ऐकलेलं म्हणून येतं. मोलिय सीवक नावाच्या परिव्राजकाने बुद्धांना थेट हेच विचारलं होतं: माणूस जे सुखदुःख भोगतो ते सगळं पूर्वकर्मामुळे, असं काही जण म्हणतात, आपलं मत काय? बुद्धांनी ते मान्य केलं नाही. पित्त, कफ, वात बिघडतात, ऋतू बदलतो, शरीराची हेळसांड होते, मार लागतो. वेदनेला अशी कितीतरी कारणं असतात, आणि सगळं पूर्वकर्मावर घालणारे लोक डोळ्यांसमोरच्या गोष्टीही नाकारतात, असं त्यांचं उत्तर आहे. तेव्हा ताप आला तर डॉक्टर, कर्ज झालं तर हिशोब, अन्याय झाला तर तक्रार आणि संघटना. रात्र-रात्र झोप लागत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जाणं हेही दुःख ओळखणंच आहे. त्यात लाज कसली?

आळवी नगरातल्या एका गरीब शेतकऱ्याची गोष्ट धम्मपदाच्या अट्ठकथेत आहे. हरवलेला बैल शोधून तो दमून-भागून, उपाशीपोटी सभेला पोचला. बुद्ध त्याच्यासाठी थांबले होते. त्याला आधी जेवू घाला, असं त्यांनी सांगितलं आणि त्याचं जेवण झाल्यावरच प्रवचन सुरू केलं. भुकेल्या माणसाला तृष्णा सोडायला सांगू नये, हे यातून मी शिकलो. आपल्या विहारांनीही हा क्रम पाळावा, असं मला मनापासून वाटतं.

तसंच दुःखात बुडालेल्या माणसाचं. मेलेलं मूल कडेवर घेऊन औषध मागत फिरणाऱ्या किसा गोतमीला बुद्धांनी अनित्यतेवर व्याख्यान दिलं नाही. ज्या घरात कुणी मेलं नाही, त्या घरातून मूठभर मोहऱ्या आणायला सांगितलं. ती दारोदार गेली आणि प्रत्येक घरी कुणाचं ना कुणाचं जाणं ऐकत गेली. तिला जे कळलं ते तिचं तिला कळलं. आपण दुखवट्याला जातो तेव्हा हे ध्यानात ठेवावं. ‘सगळं अनित्य आहे, रडू नको’ असं म्हणण्यापेक्षा शेजारी बसावं, चहा करावा, गेलेल्या माणसाची आठवण काढू द्यावी. धम्माची सूत्रं स्वतःच्या दुःखाला लावण्यासाठी आहेत, दुसऱ्याचं तोंड बंद करण्यासाठी नाहीत.

आता स्वतःच्या दुःखाकडे येऊ. संयुत्तनिकायात दोन बाणांचं एक सूत्र आहे. माणसाला एक बाण लागतो. ती शरीराची वेदना. मग तो शोक करतो, चडफडतो, छाती बडवतो. हा दुसरा बाण. शिकलेल्या माणसालाही पहिला बाण लागतोच. दुसरा मात्र तो लागू देत नाही. हे आपल्या घरांत रोज घडतं. लग्नात कुणीतरी मानपानावरून एक शब्द बोललं. शब्द लागला, त्याचं दुःख खरं. पण त्या शब्दावर वीस वर्षं भावाचं तोंड पाहायचं नाही, बहिणीच्या लेकीच्या लग्नाला जायचं नाही, मुलांनाही ते वैर शिकवायचं, हे सगळं त्या एका शब्दाने केलेलं नसतं. बांधावरचे वाद पाहा. हातभर जमिनीच्या पट्टीपायी आयुष्यभर तारखा, वकील, पोलीस. जमिनीचा हक्क सोडा असं मी म्हणत नाही. मोजणी करा, कागद काढा, भांडायचं तर कायद्याने भांडा. पण रात्री उशाला ते भांडण घेऊन झोपायचं की नाही, हे आपल्या हातात आहे. तृष्णा सोडायची ती इथे. माझंच खरं ठरलं पाहिजे आणि त्याला खाली पाहायला लागलं पाहिजे, ही ओढ कमी करायची.

यासाठी अष्टांगिक मार्गातली आठही अंगं एकदम हाती घेऊ नका. या तीन महिन्यांसाठी मी एकच सुचवतो: सम्यक वाचा. खोटं बोलायचं नाही, इकडचं तिकडे करून माणसं तोडायची नाहीत, कठोर बोलायचं नाही आणि वायफळ बोलायचं नाही. चारही गोष्टी फोनवरच्या संदेशांनाही लागू आहेत, आणि तिथे त्या पाळणं अधिक अवघड आहे. बुद्धांनी राहुलला दिलेला उपदेश इथे कामी येतो: काही करण्याआधी, करत असताना आणि करून झाल्यावर विचारायचं की, याने मला, दुसऱ्याला किंवा दोघांना इजा होते का? होत असेल तर आधीच थांबायचं, अर्ध्यावर लक्षात आलं तर अर्ध्यावर सोडायचं, आणि घडून गेलं असेल तर जाणत्या माणसाजवळ कबूल करायचं.

ज्या घरात दारू आहे, तिथे मात्र काम दारूपासूनच सुरू करावं लागेल. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे आणि पंचशीलात तर ती रोजच म्हटली जाते. दुःख विसरायला घेतलेली दारू बायकोच्या आणि पोरांच्या वाट्याला नवं दुःख आणते, हे ज्यांच्या घरात आहे त्यांना मी काय सांगावं! एकट्याने सुटत नसेल तर व्यसनमुक्ती केंद्राची मदत घ्या.

मन स्थिर करण्याचा सरावही हवा. ज्यांना दहा दिवस काढता येतात त्यांच्यासाठी इगतपुरीच्या धम्मगिरीवर आणि इतरत्रही विपश्यनेची शिबिरं होतात, त्यांना शुल्क नसतं. ज्यांना घर सोडता येत नाही त्यांनी पहाटे स्वयंपाकाला लागण्याआधी पंधरा मिनिटं शांत बसून येणारा-जाणारा श्वास पाहावा. मन पळेल. पळालं हे कळलं की परत श्वासावर आणावं. मन पळालं म्हणून खट्टू होऊ नका. ते पळालं हे लक्षात येणं, हाच तो सराव.

आणि आश्विन पौर्णिमेला आणखी एक करा. वर्षावास संपताना भिक्खू पवारणा करतात. या तीन महिन्यांत माझं काही चुकलेलं तुम्ही पाहिलं असेल, ऐकलं असेल किंवा तशी शंका आली असेल तर मला सांगा, अशी विनंती प्रत्येक भिक्खू संघाला करतो, ज्येष्ठसुद्धा करतात. ही प्रथा भिक्खूंची असली तरी तिचा धडा आपल्याला घरी घेता येईल. त्या रात्री जेवणं झाल्यावर घरातल्या मोठ्या माणसाने आधी विचारावं. बायकोला, सुनेला, मुलांना विचारावं. पहिल्यांदा कुणी काही बोलणार नाही, कारण अशी सवय कुणालाच नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा. कुणी बोललंच, तर मधे तोडू नका, सफाई देऊ नका, ‘तू तरी काय’ असं म्हणू नका. पुरतं ऐका आणि त्यातली एक गोष्ट दुसऱ्या दिवसापासून बदलायला घ्या.