आईला होऊन गेला, म्हणून बाळाला होत नाही?

पावसाळ्यात जव्हारजवळचा दाभोसा धबधबा पाहायला येणाऱ्या मुंबई-नाशिककरांना डेंग्यू हा आपल्या सोसायटीतला आजार वाटतो. कुपोषण आणि मलेरिया जव्हार-मोखाड्याला, डेंग्यू शहराला, अशी वाटणी मनात पक्की झालेली असते. आकडे या वाटणीला जुमानत नाहीत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने 2017-18 साली 15 राज्यांत रक्ताचे नमुने तपासले, तेव्हा शहरी भागातल्या 70.9 टक्के आणि ग्रामीण भागातल्या 42.3 टक्के लोकांच्या रक्तात डेंग्यू होऊन गेल्याच्या खुणा सापडल्या. शहराचा आकडा मोठा आहे, हे खरेच. पण खेड्यात दहांपैकी चार माणसे सापडत असतील, तर हा 'शहरी' आजार कसा म्हणायचा?

आणि जव्हार-मोखाड्याचा माणूस फक्त जव्हार-मोखाड्यात राहतो कुठे? भात कापून झाले, दिवाळी सरली की घरेच्या घरे भिवंडी, वसई, कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. दहाव्या वर्षी आईबापांबरोबर भट्टीवर गेलेली मुलगी विशीत आई होते. दरम्यान तिला डेंग्यू झाला का, कोणत्या प्रकारचा, याची नोंद कुठेही नसते. म्हणजे आईची प्रतिकारशक्ती भिवंडीची असू शकते आणि बाळाला चावणारा डास दाभोशाचा. गावीही त्या डासाची सोय आहेच. पाऊस तीन-तीन हजार मिलिमीटर पडतो, तरी उन्हाळ्यात मोखाड्यात टँकर लागतो. पाणी पिंपांत, हंड्यांत साठवावेच लागते. शिवाय डेंग्यू पसरवणारा दुसरा डास, एडिस अल्बोपिक्टस, झाडांच्या ढोलीत आणि बांबूच्या खुंटात साचलेल्या पाण्यावरही भागवतो.

आता मुख्य मुद्दा. "मला होऊन गेलाय, आता बाळाला भीती नाही," असे शिकलेल्या आयाही म्हणतात. निम्मे खरे असलेले हे वाक्य आहे, म्हणून ते जास्त फसवे.

खरा भाग आधी. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत आईच्या रक्तातली आयजीजी प्रतिपिंडे वारेतून मोठ्या प्रमाणावर बाळाकडे जातात. पूर्ण दिवसांच्या बाळाकडे जन्मतः आईइतकी, कधी तिच्याहून जास्त प्रतिपिंडे असतात. पहिले काही महिने ती बाळाला डेंग्यूपासून खरोखर सांभाळतात. पण ही शिदोरी पुन्हा भरली जात नाही. साधारण महिनाभरात ती निम्मी होते, पुढच्या महिन्यात त्याच्या निम्मी, आणि वर्ष भरता भरता जवळजवळ संपते. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाला ती मुळातच कमी मिळते. जिथे आईचे हिमोग्लोबिन आणि बाळाचे वजन हीच रोजची काळजी आहे, तिथे "सहा महिने बिनघोर" हा हिशेब लावणे धाडसाचे आहे.

फसवा भाग यापुढे येतो. डेंग्यूचे विषाणू चार प्रकारचे. एका प्रकाराने आलेली प्रतिकारशक्ती त्या प्रकारापुरती टिकाऊ, इतरांविरुद्ध काही महिन्यांची. हे संशोधक अल्बर्ट सेबिन यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातच दाखवले होते. पुढे बँकॉकच्या रुग्णालयांत डेंग्यूचे अभ्यासक स्कॉट हॉलस्टेड यांना एक कोडे दिसले. रक्तस्रावी डेंग्यू सहसा दुसऱ्यांदा लागण झालेल्या मोठ्या मुलांना व्हायचा; पण तान्ह्या बाळांचाही एक गट होता, ज्यांची ती पहिलीच लागण होती. ही बाळे बहुतेक सहा ते आठ महिन्यांच्या आसपासची. त्यांच्यात आणि दुसऱ्यांदा आजारी पडणाऱ्या मुलांत सारखे काय होते? रक्तातली जुनी प्रतिपिंडे. मुलांची स्वतःची, बाळांची आईकडून आलेली. 1988 मध्ये क्लिक्स आणि सहकाऱ्यांनी बँकॉकच्याच मोजक्या माता-बालकांच्या रक्तावरून दाखवले की आईकडे प्रतिपिंडे जितकी जास्त, तितके बाळ उशिरा आजारी पडते. प्रतिपिंडे भरपूर असताना विषाणूला अडवतात. विरळ झाली की त्याला नुसती चिकटतात, आणि चिकटलेल्या विषाणूला रक्तातल्या भक्षक पेशी आपणहून आत ओढून घेतात. वाढायला त्याला तीच जागा हवी असते.

तुटपुंजे संरक्षण नसण्यापेक्षा वाईट ठरू शकते, याचा मोठा धडा फिलिपिन्सने घेतला. तिथे 2016 पासून आठ लाखांहून जास्त मुलांना डेंगव्हॅक्सिया ही लस दिली गेली. नोव्हेंबर 2017 मध्ये ती बनवणाऱ्या सनोफी कंपनीनेच जाहीर केले की ज्यांना आधी डेंग्यू झालेला नाही, त्यांना लशीनंतरची लागण जास्त गंभीर होऊ शकते.

आक्षेप येईल की हे सारे अजून पुरते सिद्ध कुठे आहे? आक्षेप रास्त आहे. फिलिपिन्समध्येच बाळांचा जन्मापासून मागोवा घेणाऱ्या 2009 च्या एका अभ्यासात प्रतिपिंडांची आजार वाढवण्याची ताकद आणि आजाराची तीव्रता यांचा मेळ बसला नाही. म्हणजे आत नेमके काय घडते, यावर वाद आहे. पण गंभीर आजारी तान्ही बाळे वर्षाच्या आतल्या मधल्या महिन्यांत गर्दी करतात, हे देशोदेशी दिसलेले आहे. दाभोशातल्या आईला हा वाद सुटेपर्यंत थांबायचे कारण नाही.

दुसरे टोक याहून घातक. "आईची प्रतिपिंडेच वाईट, मग दूध तोडा," असा निष्कर्ष कोणी काढला, तर तो सरळ खोडून काढला पाहिजे. उंदरांवरच्या प्रयोगांत दुधातून गेलेल्या प्रतिपिंडांचाही परिणाम दिसला आहे; पण उंदराच्या पिलाचे आतडे दुधातली आयजीजी रक्तात शोषून घेते, माणसाच्या बाळाचे जवळजवळ घेत नाही. त्याला ती वारेतूनच मिळून चुकलेली असते. आईच्या दुधात मुख्यतः आयजीए असते आणि ती आतड्यात पहारा करते. जव्हारात बाळाचे दूध तोडणे म्हणजे न झालेल्या डेंग्यूच्या भीतीने हमखास जुलाब ओढवून घेणे.

पण माझे खरे भांडण आहे ते "दात येतायत" या निदानाशी. सहावा-सातवा महिना लागला, अंग तापले, की आजीपासून दुकानदारापर्यंत सगळे हेच सांगतात. दात येताना अंग किंचित कोमट होते, 100.4 अंशांच्या वरचा ताप दातांचा नसतो. आणि नेमके याच महिन्यांत आईचे संरक्षण विरळ झालेले असते. त्यात महिना जुलैचा असेल तर आई आवणीला, बाळ झोळीत, झोळीजवळ थोरली बहीण. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, आणि मच्छरदाणी मात्र मलेरियाच्या सवयीने रात्रीच बांधली जाते.

ताप उतरला म्हणून सुटलो, हाही समज सोडावा. डेंग्यूत तिसऱ्या ते सातव्या दिवशी, ताप उतरतानाच रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपू लागते. बाळ दूध ओढत नाही, सुस्त पडते, हातपाय गार होतात, उलट्या थांबत नाहीत, कुठे रक्ताचे ठिपके दिसतात. अशा वेळी कंबरेत इंजेक्शन, अॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन देणे म्हणजे रक्तस्रावाला आमंत्रण. तापाला पॅरासिटामॉल, तेही वजनाच्या हिशेबाने. तपासणीतही एक मेख आहे. बाळाच्या रक्तात आयजीजी सापडली, तर ती आईचीही असू शकते. तिच्यावरून निदान करू नये. पहिल्या दिवसांत एनएस-1 आणि पाच दिवसांनंतर आयजीएम या चाचण्या हव्यात.

लस येईल आणि सुटका होईल, म्हणणाऱ्यांसाठी एवढेच: तान्ह्या बाळासाठी आज डेंग्यूची एकही लस नाही, आणि वापरात असलेल्या लशी जिवंत विषाणूच्या असल्याने गरोदर बाईला देत नाहीत.

तेव्हा आशाताईंनो, माता-बाल संरक्षण कार्डावर हाताने एक ओळ वाढवा: आईला डेंग्यू झाला होता का, कुठे, कोणत्या वर्षी. झोळीवर दिवसा मच्छरदाणी बांधायला सांगा. आणि चार ते नऊ महिन्यांच्या बाळाला दोन दिवसांहून जास्त ताप असेल, किंवा ताप उतरून ते मलूल पडले असेल, तर त्याला जव्हारच्या पतंगशहा कुटीर रुग्णालयात पाठवा. तिथून नाशिक किंवा सिल्वासा गाठायची वेळ आलीच, तर ती हातपाय गार पडण्याआधी आलेली बरी.